दप्तराचं निंदण आणि सर्व्हरची लॉग फाइल

(चांदूर बाजार इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



आत येताना एका काकांनी मला दारातच अडवलं. हातात पत्रिका होती. म्हणाले, "इतिहासाच्या व्याख्यानात हा कॉम्प्युटरचा कचरा कायले घेतला जी?" प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

इतिहास कशावरून लिहितात? नोंदींवरून. नोंदी कोण ठेवतं? बहुतेक वेळा असा माणूस, की ज्याला आपण इतिहास लिहितोय हे माहीतच नसतं. पटवारी असतो, कारकून असतो, कोतवाल असतो. आज त्यांच्या रांगेत एक यंत्र येऊन बसलंय. ते दिवसरात्र लिहितं, कंटाळत नाही आणि त्याला कुणी थांबवलं नाही तर आपल्याच लिहिण्याखाली दबून मरतं. त्याच्या वहीला लॉग फाइल म्हणतात. ही वही फुगली की काय करायचं, हा आजचा विषय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. २०१४ ची गोष्ट. एका शिक्षण संस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे होती. संस्थेचं नाव घेत नाही, चूक तिची नव्हती. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. सकाळपासून पोरांची झुंबड. पान उघडत नाही म्हणून जो तो पुन्हा पुन्हा बटण दाबतोय. संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं ठप्प झालं. पाहतो तर डिस्क भरलेली. ४० जीबीच्या डिस्कवर एकटी लॉग फाइल ३१ जीबी! तीन वर्षं कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

घाबरलो आणि फाइल पुसून टाकली. अर्ध्या तासात संकेतस्थळ चालू. सगळे खूश, मीही खूश.

चार दिवसांनी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिचं म्हणणं, "मी सकाळी अकराला अर्ज पाठवला होता. पान फिरत राहिलं, मग चुकीचा संदेश आला. नंतर उघडलंच नाही." डेटाबेसमध्ये तिचा अर्ज नव्हता. साहेब म्हणाले, पुरावा असेल तर विचार करू. पुरावा होता मंडळी. तिच्या गावच्या कॅफेतून अकरा वाजता विनंती आली होती की नाही, आमच्या सर्व्हरनं तिला काय उत्तर दिलं, हे एका ओळीत लिहिलेलं असणार होतं. ती ओळ त्या ३१ जीबीत होती, आणि ते ३१ जीबी मी पुसले होते.

त्या मुलीचं ते वर्ष गेलं. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिच्याकडे येऊ.

आता ही लॉग म्हणजे मूळची काय भानगड? इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या जहाजांवर वेग मोजायला लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात टाकत. दोरीला सारख्या अंतरावर गाठी. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात, म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात. तो आकडा ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. जहाज कधी निघालं, वारा कसा होता, कोण आजारी पडलं, सगळं तिच्यात. जहाज बुडालं किंवा भांडण झालं, की पहिल्यांदा ती वही मागत.

तीच कल्पना संगणकात आली. १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन हे ईमेल पोहोचवणारी सेंडमेल नावाची प्रणाली बांधत होते. तिच्यात काय घडतंय ते लिहून ठेवायला त्यांनी सिसलॉग केला. पुढे तो इतका पसरला की युनिक्स जातीच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात नोंदींची ती सर्वमान्य पद्धत झाली.

वेब आलं १९९० च्या आसपास. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी वेब सर्व्हरचा एक प्रोग्राम लिहिला. त्या सुरुवातीच्या काळात लॉगच्या ओळीचा एक साचा रूढ झाला, त्याला कॉमन लॉग फॉरमॅट म्हणतात. १९९५ मध्ये त्याच प्रोग्रामला ठिगळं लावत लावत काही लोकांनी अपाचे सर्व्हर उभा केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएलनं सामान्य ग्राहकाला इंटरनेट द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपण इंटरनेटवर आलो तेव्हा आपली नोंद घ्यायला वही आधीच उघडून ठेवलेली होती.

त्या एका ओळीत काय असतं? कोणत्या पत्त्यावरून विनंती आली. दिनांक, तास, मिनिट, सेकंद. काय मागितलं. सर्व्हरनं काय उत्तर दिलं, ते तीन अंकी आकड्यात: २०० म्हणजे दिलं, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० च्या घरातला आकडा म्हणजे चूक सर्व्हरकडची. शेवटी किती बाइट पाठवले. बस. आवक-जावक रजिस्टर डोळ्यासमोर आणा. कुणाकडून आलं, कधी आलं, विषय काय, काय कार्यवाही केली. रकाने तेच आहेत.

मग ही वही फुगते कशी? साधा हिशेब करू. एक ओळ सुमारे २०० बाइट धरा. आपण एक पान उघडतो तेव्हा चित्रं, अक्षरं, बारीकसारीक फायली मिळून तीस-चाळीस विनंत्या सहज जातात. दिवसाला दहा लाख विनंत्या आल्या तर दिवसाचे २०० एमबी, वर्षाचे ७३ जीबी. त्यातल्या पुष्कळ विनंत्या माणसांच्या नसतातच. शोधयंत्रांचे फिरते प्रोग्राम असतात, कुलूप उघडं आहे का बघत हिंडणारे चोरटे प्रोग्राम असतात. ते रात्रीही झोपत नाहीत.

जुन्या काळी तर आणखी एक गंमत होती. ३२ बिटांच्या यंत्रांवर जुन्या अपाचेला २ जीबीपेक्षा मोठी फाइल लिहिता यायची नाही. लॉग तेवढी झाली की सर्व्हर कोलमडायचा. संकेतस्थळ का बंद पडलं म्हणून रात्रभर शोधायचं, आणि कारण काय, तर वहीची शेवटची पानं भरली! २००५ च्या अखेरीस आलेल्या २.२ आवृत्तीत मोठ्या फायलींची सोय झाली आणि ती अडचण गेली. पण अडचण गेली म्हणून शहाणपण आलं असं नाही. आता फाइल डिस्क भरेपर्यंत फुगू शकते, एवढाच फरक.

इथे थोडं थांबू आणि आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. कारण वही फुगली की काय करायचं हा प्रश्न या मातीत नवा नाही.

इथून जवळ रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं, त्याच्याकडे जाऊन विचारलं, पडताळून घेतलं आणि लीळाचरित्र तयार झालं. महानुभाव परंपरा सांगते की पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग शिष्यांच्या पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली गेली आणि म्हणून तिचे वेगवेगळे पाठ आढळतात. आजच्या भाषेत, मूळ प्रत एकाच ठिकाणी होती, ती गेली. वाचलं ते दुसऱ्या जागी, माणसांच्या डोक्यात, ठेवलेलं होतं म्हणून. आपल्याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज बालपणीच अंध झाले. त्यांचे शंभराहून अधिक ग्रंथ आज आपल्यापाशी आहेत, कारण ते सांगत गेले आणि जवळची माणसं लिहीत गेली. ज्यानं उतरवून घेतलं त्याचे उपकार असे असतात.

आता सरकारी दप्तर बघा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ पासून इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू झाली. शेताशेताला नंबर पडला, नंबराला खातेदाराचं नाव लागलं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हैदराबाद, नागपूर, मुंबई. मालक बदलत गेले, पण शेताचा हिशेब चालू राहिला. काही कागद फारसीत, काही उर्दूत, काही मोडीत, मग बाळबोधीत. कापडात बांधून ठेवले, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचे.

रुमालावर रुमाल चढत गेले. खोल्या भरल्या, वाळवी लागली. सगळंच ठेवायचं म्हटलं तर हवा तो कागद सापडत नाही. सगळंच जाळायचं म्हटलं तर उद्या कोर्टात काय दाखवणार? या पेचावर सरकारनं कायदाच केला. १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याबाबतचा कायदा. त्याचा अर्थ एवढाच, की कागद नष्ट करणं हे कुणा एकाच्या मर्जीचं काम नाही, त्यालाही नियम पाहिजे.

आपल्या राज्याच्या कचेऱ्यांत आजही कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग, कायम ठेवायचा. ब वर्ग, ३० वर्षं. क वर्ग, १० वर्षं. क-१, ५ वर्षं. ड वर्ग, १ वर्ष. आणि टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठा पद्धत. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. बघा, नष्ट करायच्या कागदांनाही स्वतःचा गठ्ठा आहे. कागद थेट कचऱ्यात जात नाही. आधी तो त्या गठ्ठ्यात जातो, कुणीतरी यादी करतो, कुणीतरी सही करतो.

या कामाला आपल्या कचेरीत शब्द काय आहे माहीत आहे? निंदणीकरण! अभिलेखांचं निंदणीकरण. ज्यानं हा शब्द वापरात आणला त्यानं नक्की शेत पाहिलं असणार. कपाशीच्या दोन ओळींमधून आपण डवरा फिरवतो, मधलं तण निघतं. पण झाडाच्या बुडाशी जे तण असतं तिथे डवरा चालत नाही. तिथे बाई खुरपं घेऊन बसते आणि हातानं काढते. तिला रोप कोणतं आणि तण कोणतं हे कळतं. तण बी धरायच्या आत काढायचं, हेही तिला कळतं. जो माणूस सबंध हंगाम निंदण करत नाही आणि शेवटी एका दिवशी नांगर घालतो, त्याचं तणही जातं आणि पीकही जातं. २०१४ मध्ये मी नांगर घातला होता.

आता म्हणाल, ड वर्गाच्या कागदाला एवढं काय महत्त्व? एक उदाहरण देतो. विदर्भातल्या गावांमध्ये कोतवाल बुक असायचं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याची खबर कोतवालानं द्यायची आणि ती वहीत उतरायची. बापाचं नाव, जात, गाव, तारीख. खबर देणाऱ्याला त्या नोंदीचं काहीच मोल नव्हतं, रोजचं काम. आज जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर काय मागतात? ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग आजोबाचं नाव शोधत लोक त्या वहीपर्यंत येतात. पोराचा मेडिकलचा प्रवेश त्या एका ओळीवर अडलेला असतो. पान फाटलेलं असेल, वाळवीनं खाल्लं असेल, तर माणूस हताश होऊन परत जातो.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी जात नाही. मला एवढंच दिसतं, की शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं सहज म्हणून लिहिलेला एक शब्द आज लोकांच्या आयुष्याचा प्रश्न झाला. त्यानं लिहिताना असा विचार केला असेल का?

म्हणून मी म्हणतो, नोंद ठेवणं हे अर्धं काम. कोणती किती दिवस ठेवायची आणि कोणत्या रीतीनं काढायची, हे ठरवणं हे उरलेलं अर्धं. ते ठरवलं नाही तर डिस्क ठरवते. आणि डिस्क नेमकी शेवटच्या दिवशी भरते.

आता परत सर्व्हरकडे. इथेही डवरा निघाला. १९९० च्या दशकात रेड हॅट या लिनक्स कंपनीत एरिक ट्रोन यांनी लॉगरोटेट नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. काम साधं. ठरल्या वेळी चालू वही मिटायची, तिला १ नंबर द्यायचा, नवी कोरी वही उघडायची. पुढच्या खेपेला १ ची २ होते, २ ची ३. मिटलेल्या वह्या दाबून लहान करायच्या. लॉगमध्ये तेच ते शब्द फार असतात, त्यामुळे जीझिपनं दाबल्यावर ती बहुधा दहाव्या हिश्शावर येते. आणि ठरलेला आकडा ओलांडला की सर्वात जुनी वही काढून टाकायची. त्याची नेहमीची मांडणी आठवड्याला एक वही, अशा चार वह्या. म्हणजे महिनाभराची आठवण.

मग माझ्याकडे हा डवरा नव्हता का? होता! पण तो नेमून दिलेल्या जागीच फिरतो. आमच्या आधीच्या माणसानं लॉग दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहायला लावली होती आणि ती जागा लॉगरोटेटच्या यादीत नव्हती. डवरा रोज फिरत होता, फक्त आमच्या वावरात नाही.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी घडली, ती तांत्रिक माणसांसाठी सांगतो. मी फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच दिसत होती. असं का? युनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचं नाव यादीतून जातं. पण एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल, तर तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. अपाचे आपल्या वहीत लिहीतच होता, फक्त वहीला आता नाव नव्हतं. त्या क्षणी ती वाचवता आली असती. चालू प्रोग्रामच्या हातातून तिची नक्कल दुसऱ्या यंत्रावर घेता येते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी सर्व्हर बंद करून चालू केला. त्याबरोबर जागा मोकळी झाली, आणि वही खरोखर गेली.

मग करायला काय हवं होतं? फाइल पुसायची नाही. आधी ती दाबत दाबत थेट दुसऱ्या यंत्रावर पाठवायची, कारण भरलेल्या डिस्कवर दाबायलाही जागा नसते. नक्कल नीट पोहोचली हे बघायचं. मग मूळ फाइल जागच्या जागी शून्यावर आणायची. नाव तेच, वही तीच, पानं कोरी. अपाचेला कळतही नाही. अर्धा-पाऊण तास जास्त गेला असता. त्या पाऊण तासाची किंमत एका पोरीचं वर्ष होती.

हो, आणि हेही खरं की डिस्क पूर्ण भरल्यावर लॉगही लिहिली जात नाही. ज्या तासांचा पुरावा सर्वात जास्त हवा, तेच तास कोरे राहतात. तिचं नशीब असं, की ती सकाळी अकराला आली होती, तेव्हा वही चालू होती.

आता दुसरी बाजू. इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग पुसूच नका, सगळं जपून ठेवा, डिस्क आता स्वस्त आहे. हेही बरोबर नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी शोधलेल्या शब्दांची लॉग जाहीर केली. नावं काढून आकडे घातले होते. थोड्याच दिवसांत वार्ताहरांनी नुसत्या शोधांवरून एका बाईला गाठलं. माणूस काय शोधतो त्यावरून तो कोण आहे हे कळतं. त्याचं दुखणं, त्याची भीती, त्याचं गाव. लॉग ही अशी वही आहे.

आपल्याकडची एक चूक नेहमी दिसते. अर्जाची माहिती पत्त्याच्या ओळीतूनच पाठवतात. मग मोबाईल नंबर, जन्मतारीख, कधी आधार क्रमांकसुद्धा लॉगमध्ये साध्या अक्षरात जाऊन बसतो. असली वही दहा वर्षं ठेवणं म्हणजे गावाची गुपितं उघड्या ओसरीवर ठेवणं.

कायदा दोन्हीकडून ओढतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, की यंत्रणांच्या लॉग १८० दिवस सुरक्षित आणि भारताच्या हद्दीत ठेवा. म्हणजे चार आठवड्यांची जुनी सवय आता पुरत नाही. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, काम संपलं आणि दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं नसेल, तर माणसाची खासगी माहिती पुसा. एक म्हणतो ठेव, एक म्हणतो काढ. या दोघांच्या मध्ये जो रस्ता आहे, तो आपल्या अ-ब-क-ड नं कधीच आखून ठेवलाय.

आपली नगरपालिका असो, शाळा, पतसंस्था, संत्र्याची उत्पादक कंपनी, ज्यांचं ज्यांचं संकेतस्थळ आहे त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात.

ड वर्ग: चित्रं, सर्व्हर जिवंत आहे का हे विचारणाऱ्या यंत्रांच्या विनंत्या. या शक्यतो लिहूच नका. लिहिल्या तर आठवड्यात काढा. वही फुगण्याचं मोठं कारण इथेच निघून जातं.

क वर्ग: नेहमीची ॲक्सेस लॉग आणि चुकांची लॉग. रोज वही बदला, दाबा, दुसऱ्या यंत्रावर नक्कल ठेवा. १८० दिवस झाले की काढा, आणि काढल्याची नोंद ठेवा.

ब वर्ग: वादातली लॉग. तक्रार आली, चोरी झाली, प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, तर त्या तारखांची वही बाजूला काढा. निकाल लागेपर्यंत तिला डवरा लावायचा नाही.

अ वर्ग: महिन्याचा गोषवारा. किती लोक आले, काय वाचलं, किती वेळा सर्व्हर चुकला. यात कुणाचा पत्ता नको, नाव नको. हा एका पानाचा कागद कायम ठेवा. पन्नास वर्षांनी चांदूर बाजारचा इतिहास लिहिणाऱ्याला तो लागेल.

याशिवाय तीन बारक्या गोष्टी. लॉगची जागा वेगळी ठेवा, म्हणजे वही भरली तरी घर बंद पडणार नाही. डिस्क ८० टक्के भरली की फोनवर संदेश येईल असं करा. आणि घड्याळ तपासा. पुष्कळ सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले सकाळचे अकरा तिथे पहाटेचे साडेपाच लिहिलेले असतात. हे माहीत नसलं तर खरा माणूस खोटा ठरतो.

आता त्या मुलीकडे येतो. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज भरला आणि तिला प्रवेश मिळाला. बरं झालं म्हणायचं. पण चौकशीच्या दिवशी तिच्या वडिलांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्यांना समजावत होतो, की काका, सर्व्हर नोंद ठेवतो, पण ती फाइल फार मोठी झाली होती म्हणून काढावी लागली. ते शेतकरी माणूस. शांतपणे म्हणाले, "मोठी झाली तवा बारकी काहून नाही केली? सारीच काहून उपटली?"

मी काही बोललो नाही, कारण उत्तर नव्हतं.

तर दारातल्या काकांना माझं उत्तर हे. कोतवालाची वही आज आपल्याला इतिहास वाटते, कारण ती जुनी आहे आणि तिच्यावर आपलं काहीतरी अडलेलं आहे. सर्व्हरची वही आज कचरा वाटते, कारण ती कालची आहे. तिच्यावरही कुणाचं तरी अडलेलं असतं, फक्त तो माणूस अजून दारात आलेला नसतो. तो येईपर्यंत त्याची ओळ जपायची आणि ज्यांचं काम संपलं त्यांची ओळ वेळेवर काढायची. हंगामभर निंदत राहायचं, एवढंच.

इथेच थांबतो.